मुकादमचा गुडघा

डॉक्टरबाईंनी मुकादमला टेबलावर उताणी केली, मांडीच्या आतले केस बोटांनी बाजूला सारले आणि म्हणाल्या, "आज ऑपरेशन नाही."

मला आधी वाटलं, थट्टा करताहेत. मग लक्षात आलं, ही बाई थट्टा करणाऱ्यातली नाही.

"का नाही?"

"हे काय आहे?"

मी चष्मा सरसावून वाकलो. मोहरीएवढ्या चार-पाच पुटकुळ्या होत्या. तांबड्या, टोकाशी पिवळट.

"पुटकुळ्या आहेत. कुत्र्याला येत नाहीत का पुटकुळ्या?"

"येतात. पण असल्या कातडीतून मी गुडघ्यात शिरत नाही."

आदल्या संध्याकाळपासून मी कुत्रीला उपाशी ठेवलं होतं. रिकामा वाडगा तोंडात धरून ती घरभर माझ्यामागे लंगडत फिरली होती. सकाळी दुकान न उघडता भाड्याची गाडी बोलावली, सीटवर केस पडतील म्हणून ड्रायव्हरची कटकट ऐकली, ते धूड मांडीवर घेऊन इथवर आलो. आणि आता मोहरीएवढ्या पुटकुळ्यांसाठी परत जायचं.

"मग द्या की चांगली भारी गोळी. मी बसतो बाहेर. औषध चढलं की करा."

"गोळी नाही. अंघोळ."

"काय?"

"अंघोळ घाला. हा औषधी साबण घ्या. फेस केला की दहा मिनिटं अंगावर राहू द्यायचा, मग धुवायचा. एक दिवसाआड. कातडी साफ झाली की या."

"बाई, मी कुत्री आणलीय की नवरी?"

बाकावर मांजराची पेटी घेऊन बसलेली एक बाई फिस्सकन हसली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत.

"काका, कातडी म्हणजे दार. ते मी उघडणार. आत हाड कापणार, थोडं फिरवणार, प्लेट लावून स्क्रूने आवळणार. दारातच चोर बसलेले दिसत असताना दार उघडायचं का?"

"दारांचं मला शिकवू नका. कुलूपकिल्ल्यांत जन्म गेलाय माझा."

"मग बरंच आहे. लवकर समजेल तुम्हाला."

मला काही समजलं नाही. समजून घ्यायचंही नव्हतं. मी म्हणालो, निदान पायाचे केस तरी घरून काढून आणतो, माझ्याकडे चांगला वस्तरा आहे, तुमचा वेळ वाचेल. त्यावर त्यांनी पहिल्यांदा आवाज चढवला.

"ब्लेड लावलंत तर पायरीवरूनच परत पाठवीन. ब्लेडने बारीक चरे पडतात आणि रात्रभर त्यांत जंतू वाढतात. केस मी काढीन, मशीनने, तिला भूल दिल्यावर."

मी जाताना दार आपटलं. ते आपोआप हळू बंद होणारं दार होतं, त्यामुळे आपटलंही नाही. त्याचाही राग आला.

मुकादम हे नाव हिने ठेवलं होतं. ही म्हणजे माझी बायको. पिल्लू असल्यापासून ते जनावर कोण काम करतंय आणि कोण बसलंय यावर नजर ठेवायचं. मी खुर्चीत जरा डोळे मिटले की येऊन गुडघ्यावर पंजा मारायचं. "आली बघा तुमची मुकादम," ही म्हणायची. पिल्लू मादी निघालं तरी नाव तेच राहिलं.

हिचे गुडघे गेले तेव्हा मुकादमचे धड होते. दोघी सकाळी कोपऱ्यावरच्या दुधाच्या दुकानापर्यंत जायच्या, मुकादम पुढे, ही मागे, आणि मुकादम दर दहा पावलांवर थांबून मागे बघायची, कामगार येतोय की नाही. मग हिने उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. शहरातलं मोठं हॉस्पिटल. मोठे डॉक्टर. आम्ही त्यांना मोठे डॉक्टरच म्हणायचो, आणि तेही तसेच वागायचे. आदल्या संध्याकाळी वॉर्डमधल्या माणसाने हिच्या पायावरून सपासप ब्लेड फिरवलं. ही मला म्हणाली, "तुम्ही दाढी करता त्यापेक्षा बरी केली हो."

टाके काढायच्या आधी गुडघा लाल झाला. मग पाणी. मग पू. पहिलं औषध लागू पडेना तेव्हा दुसरं दिलं. "आता वरचं चालू करतो," मोठे डॉक्टर दारातूनच म्हणाले. आम्हाला बरं वाटलं. वरचं म्हणजे भारी, भारी म्हणजे चांगलं. मग त्याच्याही वरचं. मधल्या काळात तिला घरी पाठवलं, कॅप्सूलचे डबेच्या डबे देऊन, आणि पुन्हा ताप भरला म्हणून परत नेलं. काचेच्या खोलीत, म्हणजे आयसीयूत, नेलं तेव्हा कुणीतरी पुवाचं कल्चर पाठवलं. कल्चर म्हणजे काय ते मी विचारलंही नाही. रिपोर्ट घेऊन जा असा हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा ती राहिली नव्हती. मी गेलो नाही. कशाला जाऊ?

ती गेल्यावर मुकादम दुधाच्या दुकानापर्यंत एकटी जाऊन परत यायची. अशीच एक दिवस आली ती तीन पायांवर. गुडघ्यातली दोरी तुटली होती.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, कुत्रं आहे ते. वय झालंय. त्रास नका काढू, झोपवून टाका."

"तुझ्या आईचंही वय झालं होतं."

"असं काय बोलता?"

"तसंच बोलतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

सांगायचं एवढंच, की घरात हिच्या हाताला ओळखणारं एकच जनावर उरलं होतं, आणि आता त्याच्याही गुडघ्यात लोखंड घालायचं होतं. ते काम नीट व्हावं एवढंच मला पाहिजे होतं. त्यासाठी मी कुणाशीही भांडायला तयार होतो. भांडण सोडून दुसरं काही माझ्यापाशी राहिलंही नव्हतं.

अंघोळीला धाकटी आली. धाकटी म्हणजे हिची बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. तिने पदर खोचला, मुकादमला मोरीत उभी केली आणि फेस चोळायला लागली. मी घड्याळ धरून उभा.

"झाली का दहा मिनिटं?"

"चार झालीत."

"तुमचं घड्याळ पण तुमच्यासारखंच आहे भाऊजी. अडून बसतं."

"चोळ तू. बोलू नकोस."

"ताईला कधी एवढं पाणी तापवून दिलं होतंत का?"

मी घड्याळाची काच पुसायला लागलो. तिच्याही लक्षात आलं. ती मान खाली घालून मुकादमच्या पोटाखाली फेस लावत राहिली. तेवढ्यात मुकादमने अंग झाडलं आणि आम्ही दोघं भिजलो, भिंत भिजली, घड्याळही भिजलं.

पुटकुळ्या गेल्या. डॉक्टरबाईंनी भिंग लावून पोट पाहिलं, मांड्या पाहिल्या, कान पाहिले, दातसुद्धा पाहिले, आणि म्हणाल्या, "आता उघडू दार."

त्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीला एक काच आहे. बघायचं असेल त्याने बघावं. मी बघितलं. भूल दिल्यावर शेजारच्या खोलीत मशीनने केस काढले, झाडून घेतले, मग तिला आत नेलं. पाय वर टांगला. एक बाई तो पाय धुवायला लागली. मधून सुरू करून बाहेर, मधून बाहेर, एकदा वापरलेला बोळा पुन्हा आत नाही. धुतला, पुसला, पुन्हा धुतला. पंजाला निर्जंतुक पट्टी गुंडाळली. शिरेतून औषध सोडलं. डॉक्टरबाई कोपरापर्यंत हात घासत उभ्या होत्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. औषध अंगात पसरायला वेळ द्यावा लागतो म्हणे. एकाने नाक खाजवलं तर त्याला बाहेर काढून पुन्हा हात धुवायला लावले.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. उलट माझ्या मुठी वळत होत्या. वस्तरा फिरवत शीळ घालणारा तो वॉर्डमधला माणूस डोळ्यांपुढे येत होता.

घरी नेताना डॉक्टरबाईंनी दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या. मी हात पुढेच ठेवला.

"आणि अँटिबायोटिक?"

"नाही."

"नाही म्हणजे? गुडघ्यात प्लेट आहे! माणसाला पंधरा-पंधरा दिवस देतात!"

"कापायच्या आधी दिलंय. ऑपरेशन लांबलं म्हणून मध्ये पुन्हा दिलंय. काही डॉक्टर नंतरही देतात, मी खोटं सांगणार नाही. आमच्यातही दोन मतं आहेत. हिची कातडी साफ होती, काम स्वच्छ झालंय, माझ्या मते हिला गरज नाही."

"तुमच्या मते! आणि चुकलात तर?"

"तर मी चुकले असेन. त्या वेळी तोंड लपवणार नाही. तुम्ही दोन गोष्टी सांभाळा. तिला पळू देऊ नका, आणि गळ्यातला भोंगा काढू नका. जेवताना नाही, झोपताना नाही. जीभ लागली की माझं सगळं काम पाण्यात."

भोंगा म्हणजे गळ्याभोवतीचं ते प्लास्टिकचं नरसाळं. तो घालून मुकादम दारांच्या चौकटींना धडकत फिरायची आणि प्रत्येक धडकेनंतर माझ्याकडे बघायची, जणू चौकटी मीच पुढे सरकवल्यात. मी दुकानात असलो की धाकटी येऊन बसायची. मला तेवढंच निश्चिंत.

टाके काढायच्या थोडं आधी एका सकाळी मी पाहिलं तर टाक्यांच्या खालच्या टोकाला ओल होती. बोट लावलं, तर चिकट. नाकाशी नेलं. मला तो वास माहीत होता. त्या वासाबरोबर मी कित्येक आठवडे काढले होते.

मी चप्पल न घालता गाडी बोलवायला रस्त्यावर गेलो.

धाकटीही बरोबर आली. वाटभर ती एक शब्द बोलली नाही. धाकटी गप्प म्हणजे काहीतरी बिनसलंय हे मला कळायला हवं होतं, पण मी मनात डॉक्टरबाईंसाठी वाक्यं जुळवत होतो. दवाखान्यात शिरलो आणि सगळी एका दमात बाहेर काढली.

"घ्या! बघा! झालं ना? गोळी मागितली तेव्हा मोठ्या ऐटीत नाही म्हणालात. दोन मतं! आता त्या दोन मतांचं काय करू, पाण्यात घालून पिऊ? एक बायको गेली अशी, आता ही पण जाऊ दे का?"

बाकावरची माणसं माना खाली घालून बसली. डॉक्टरबाईंनी मला बोलू दिलं. मग त्या गुडघ्याशी बसल्या, हातमोजे घातले, हळूच दाबलं. मुकादम कळवळली. ताप पाहिला.

"माझं चुकलं असेल," त्या म्हणाल्या. "असेलही. पण टाक्यांचे दोरे फुगलेत, कडा चाटल्यासारख्या पांढऱ्या पडल्यात. भोंगा काढला होता का?"

"छे! मी डोळ्यांत तेल घालून..."

"काढला होता," धाकटी म्हणाली.

मी वळलो.

"दुपारी काढायचे. तिला पाणीसुद्धा पिता येईना त्याच्यातून. आणि कुत्र्याच्या जिभेत औषध असतं म्हणतात ना. रस्त्यावरची कुत्री चाटून चाटूनच बरी होतात."

"बरी झालेली तेवढीच तुम्हाला दिसतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या उठल्या, लांब सुई घेतली. "प्लेटच्या जवळून पू काढते. कल्चरला पाठवायचा. काही अँटिबायोटिक पोटात गेलेलं नाही ना?"

"तुम्ही दिलंत कुठे!" मी ओरडलो.

"भाऊजी," धाकटी म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता. "मी दिल्या. परवापासून. ताईच्या डब्यातल्या."

हिच्या उरलेल्या कॅप्सूल बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात होत्या. मी त्या टाकल्या नव्हत्या. का नाही, ते विचारू नका. तिचा कंगवाही मी टाकला नव्हता.

"परवा ओल दिसली," धाकटी म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही माझा गळा धरला असता. म्हटलं, गुपचूप आवरेल. ताईच्या वेळी उशीर झाला, आता नको व्हायला."

डॉक्टरबाईंनी सुई परत ठेवली. जरा जोरातच ठेवली. इतक्या रागावलेल्या त्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

"म्हणजे आता नमुना घेतला तर अर्धमेले जंतू येणार. ते डिशमध्ये उगवायचे नाहीत, रिपोर्ट कोरा येईल, आणि इकडे कुत्रीच्या पायात ते जिवंतच राहतील."

"डिशमध्ये?" मी विचारलं.

"कल्चर म्हणजे तेच. पू घ्यायचा, जंतू वाढवायचे, मग त्यांच्यावर वेगवेगळी औषधं टाकून बघायची कशाने मरतात. जे लागू पडेल तेच द्यायचं. अंदाजाने एकामागून एक देत गेलं की कच्चे जंतू मरतात आणि निबर तेवढे उरतात. मग त्यांना काहीच लागत नाही."

मी टेबलाची कड धरली.

"हे माणसांच्या हॉस्पिटलात करतात?"

"करतात."

"कधी करतात? आधी की शेवटी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हातमोजे काढून ठेवले. त्यांना सगळं कळलं असावं.

"प्लेट असेल आणि पू असेल तर आधी," त्या म्हणाल्या. "औषध बदलायच्या आधी."

चुकीची किल्ली कुलपात घालून जोर लावला तर आतल्या खिट्ट्या वाकतात. मग खरी किल्ली आणली तरी कुलूप उघडत नाही. शिकाऊ पोरालासुद्धा मी पहिल्या दिवशी हे सांगतो. माझ्या बायकोच्या गुडघ्यात एकामागून एक किल्ल्या खुपसल्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठी, आणि कुलूप कुठलं आहे ते बघितलं ते शेवटी. आणि हे मला कोण सांगतंय? कुत्र्यांची डॉक्टर. कुत्रीसाठी जे पहिल्या दिवशी करतात ते माझ्या बायकोसाठी तीन औषधं फुकट गेल्यावर केलं.

"आता दोन रस्ते आहेत," डॉक्टरबाई सांगत होत्या. "आजच अंदाजाने औषध चालू करायचं. लागलं तर लागलं. नाहीतर सगळं बंद करून काही दिवस थांबायचं, पोटातलं औषध उतरू द्यायचं, मग नमुना घ्यायचा. ती खातेय, ताप थोडाच आहे, सांध्यात पू शिरल्यासारखं वाटत नाही, म्हणून थांबता येईल. पण रोज सकाळी मला दाखवायचं. ताप चढला, खाणं सुटलं, तर मी थांबणार नाही. आणि थांबण्यात धोका नाही असं मी म्हणत नाही. पाय जाऊ शकतो. तुम्ही ठरवा."

मगापर्यंत गोळी गोळी करून मी छप्पर डोक्यावर घेतलं होतं. आता गोळी समोर होती.

"थांबू," मी म्हणालो.

थांबणं म्हणजे काय ते सांगतो. पू दिसतो, औषध कपाटात असतं, आणि द्यायचं नसतं. मुकादम भोंग्यातून माझ्याकडे बघत पडून राहायची. मी दुकान बंदच ठेवलं. सकाळी दवाखाना, मग घरी तिच्या शेजारी जमिनीवर. धाकटी यायची, दारात उभी राहायची.

"आत येऊ का?"

"आलीयस तर ये."

"भाऊजी, मला शिव्या द्या एकदाच्या. असे तोंड फिरवून नका बसू."

"शिव्या तुला देऊन काय करू? तू कुठे मोठी डॉक्टर आहेस? तुला कुणी शिकवलं नव्हतं. ज्याला शिकवलं होतं त्याने काय दिवे लावले?"

"मग मला डोळे का वटारता?"

"कारण तो समोर नाही. तू आहेस."

ती धप्पकन खाली बसली, मुकादमच्या पलीकडे. "बरं. वटारा मग." मग मुकादमच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तो डबा कुठाय?"

मी डबा आणला. तिने झाकण उघडून पाहिलं, बंद केलं. "यातल्या कॅप्सूल मी औषधाच्या दुकानात देऊन येते. कचऱ्यात टाकायच्या नाहीत, म्हणाल्या त्या डॉक्टरबाई. डबा तेवढा परत आणते. ताईचा आहे." तिला रडू फुटलं. मी पाणी आणून दिलं. मुकादमने उठून, तिच्या मांडीवर भोंगा आपटून, दोघांवर एकेक नजर टाकली. काम थांबलेलं तिला खपत नाही.

चौथ्या दिवशी तिने सकाळचं खाणं हुंगून सोडलं. मी तसाच तिला उचलून निघालो. वाटेत धाकटी म्हणाली, "तिने माझ्या हातचं चपलेएवढं बिस्किट खाल्लंय मगाशी. पोट भरलं असेल." मी गाडीतच तिला बोल बोल बोललो. ड्रायव्हरने आरसा फिरवून घेतला.

डॉक्टरबाईंनी ताप पाहिला, पोट दाबलं, आणि म्हणाल्या, "पोटातलं औषध उतरलं असेल. आता घेते नमुना."

रिपोर्ट आला. जंतू उगवला होता. आमच्या डब्यातल्या कॅप्सूलला त्याने भीक घातली नव्हती. तिच्याहून भारी अशा आणखी दोन औषधांनाही नाही. त्याला लागू पडली ती एक जुनी, साधी गोळी, जी देतो म्हटलं असतं तर मी डॉक्टरबाईंना हसलो असतो.

ती गोळी मी मुकादमला रोज माझ्या हाताने दिली. जखम सुकली. पण डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, प्लेट आहे तोवर जंतू तिला चिकटून दबा धरून बसणार. लोखंडाला रक्त नाही, तिथे औषध पोचत नाही. हाड जुळलं तसं त्यांनी पुन्हा दार उघडलं, तशीच अंघोळ, तसंच धुणं, आणि प्लेट काढून घेतली. मी मागितली तर उकळून मला दिली. दुकानात कोऱ्या किल्ल्यांच्या ओळीत एका खिळ्याला ती टांगली आहे. गिऱ्हाइकं विचारतात, ही कुठल्या दाराची? मी सांगतो, आहे एका मुकादमची.

मुकादम आता चार पायांवर चालते. दुधाच्या दुकानापर्यंत जाते, थोडी तिरकी, पण जाते.

इतकं झाल्यावर राग उतरायला हवा होता. नाही उतरला. उलट त्याला पत्ता मिळाला. तोवर तो नुसता भटकत होता, मुलावर, डॉक्टरबाईंवर, धाकटीवर. आता कुठे जायचं ते त्याला कळलं.

मी मुकादमला घेऊन मोठ्या हॉस्पिटलवर गेलो. दारावरच्या पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"कुत्रं आत नाही."

"तिला आत यायचंच नाहीये. मोठ्या डॉक्टरांना बाहेर बोलवा."

"ते असे बाहेर येत नसतात."

"घरी जायला तर येतील?"

तो हसला. मी नाही हसलो. समोरच्या कठड्यावर बसलो. त्या दिवशी ते मागच्या दाराने गेले. मी पुन्हा गेलो. पुन्हा गेलो. पहारेकरी मुकादमला पाणी द्यायला लागला. माझ्या शेजारी कुणाकुणाची माणसं येऊन बसायची, कुणाचा भाऊ आत, कुणाची आई. बोलता बोलता कुणी म्हणालं की जखमेला पू आलाय आणि आता वरचं औषध चालू केलंय, की मी म्हणायचो, "कल्चर पाठवलं का विचारा. आज विचारा."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. किल्लीवाला."

मग एका दुपारी ते पुढच्या दाराने आले. गाडी लांब उभी होती, म्हणून पायऱ्या उतरून आमच्यासमोरूनच चालले. मला पाहिलंच नाही त्यांनी. मुकादमला पाहिलं. कुत्र्यांची आवड असावी. थांबले, वाकले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोटं मोठी आणि स्वच्छ होती.

"छान आहे. पायाला काय झालं होतं हिच्या?"

"गुडघ्यात प्लेट घातली होती," मी म्हणालो. "पू झाला."

"अरेरे. मग?"

"मग डॉक्टरांनी औषध थांबवलं, कल्चर पाठवलं, रिपोर्ट बघून गोळी दिली. वाचली."

"नशीबवान आहे. डॉक्टर चांगले मिळाले."

"हो," मी म्हणालो. "कुत्रीला मिळाले."

त्यांचा हात तिच्या डोक्यावरच राहिला. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. काचेच्या खोलीबाहेर मी किती वेळ उभा असायचो ते त्यांना आठवलं असणार, कारण त्यांचा चेहरा उतरला. पहारेकरी पाण्याचं भांडं हातात धरून तसाच उभा राहिला.

"आपण," ते म्हणाले, "आपण आत येता का? माझ्या खोलीत बसून बोलू."

"कुत्र्याला आत सोडत नाहीत," मी म्हणालो. "इथेच बोला."